कोण कोणाच्या दारी? माता-बालकांच्या आहाराच्या अर्जाचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, अर्जाचा कसला आलाय इतिहास? लढायांचा इतिहास असतो, चळवळींचा असतो. अर्ज म्हणजे एक कागद, भरायचा आणि विसरायचा. पण थोडं थांबून बघूया. सरकार आणि सामान्य माणूस यांची गाठ बहुतेक वेळा त्या कागदावरच पडते. कोणी काय सिद्ध करायचं, खेपा कोणी घालायच्या, आणि काही चुकलं तर दोष कोणाचा, हे सगळं तो कागद ठरवून टाकतो.

आज आपण गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि सहा वर्षांखालचं मूल यांना सरकारकडून मिळणाऱ्या आहाराची आणि मदतीची गोष्ट पाहणार आहोत. शंभरेक वर्षांचा हा प्रवास आहे. त्यातून आपण एकच प्रश्न सोबत घेऊन जाऊ: आई आणि सरकार यांच्यातलं अंतर चालून कोण जातं? आई सरकारच्या दारी जाते, की सरकार तिच्या अंगणात येतं?

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करूया. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक चर्चेला आलं. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि राष्ट्राच्या हिताचं असेल तर त्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारनेच उचलायला हवा. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई इलाख्याचा मातृत्व लाभ कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. बाळंतपणाच्या काळात रोज ८ आणे, असा भत्ता त्यात ठरला.

ही मोठीच गोष्ट होती. पण आपल्या प्रश्नाच्या बाजूने बघितलं तर काय दिसतं? भत्ता फक्त कारखान्यात काम करणाऱ्या बाईला. तोही आधी ठराविक काळ नोकरी झालेली असेल तर. म्हणजे हक्क होता, पण तो बजावण्याची जबाबदारी बाईवर होती, आणि त्यासाठी तिचं नाव आधीच कुठल्यातरी हजेरीपटावर असावं लागे. शेतात खुरपणारी, वीटभट्टीवर राबणारी, जंगलात मोळी बांधणारी बाई कुठल्याच पटावर नव्हती. तिच्यासाठी हा कायदा नव्हताच.

आता गिरणगावातून निघून उत्तरेला डहाणूकडे जाऊ. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. बालवाडी तयार झाली, पण वारली पाड्यांवरची मुलं काही येईनात. कशी येणार? आई-बाप पहाटेच कामाला बाहेर पडणार. लहान भावंडं सांभाळायला मोठं मूल घरी. आंघोळ नाही, अंगावर कपडा नाही, पोटात काही नाही. अशा मुलाने तयार होऊन वेळेवर शाळेत यावं, ही अपेक्षाच खोटी होती.

मग ताराबाईंनी केलेली गोष्ट दिसायला साधी होती. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जायचं. पाड्यावर, झोपडीसमोरच्या अंगणात. तिथेच मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, खेळ मांडायचे. अंगणात भरणारी वाडी, म्हणून अंगणवाडी. पुढे हेच काम कोसबाडच्या टेकडीवर वाढलं, आणि गुरं राखणाऱ्या मुलांच्या मागे कुरणात जाणारी कुरणशाळाही निघाली.

हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळलाय की त्याचा अर्थ आपण विसरून जातो. अंगणवाडी म्हणजे आईने शोधत जायचं कार्यालय नव्हे. ज्याने यायचं तो संस्थेचा माणूस, आणि अंगण आईचं. आजच्या आपल्या सगळ्या चर्चेचं मोजमाप या एका शब्दाने करता येईल.

आता सरकारी योजनांकडे वळूया. १९७० च्या आसपास देशात लहान मुलांच्या आहाराचे सुटे सुटे कार्यक्रम सुरू होते. महाराष्ट्रात तेवढ्यात १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांच्या घरात त्या काळच्या आठवणी निघतात त्यांना सुकडी हा शब्द सांगावा लागत नाही. दुष्काळी कामांवर ती सुकडी वाटली गेली, आणि पुढे कित्येक वर्षं गावागावांत पोषण आहाराला लोक सुकडीच म्हणत राहिले. १९७४ मध्ये देशाचं पहिलं राष्ट्रीय बालक धोरण आलं, आणि त्याच्या पाठोपाठ २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. देशभरात प्रायोगिक म्हणून ३३ प्रकल्प. त्यात आपल्याकडचे दोन होते: मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी. योजनेच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. ताराबाई त्याआधी दोन वर्षं, १९७३ मध्ये, गेल्या होत्या.

या योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याकडे पाठवणी, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण. आहाराचं मापही ठरलं. वर्षातले ३०० दिवस मुलाला रोज ३०० कॅलरी आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिनं, गरोदर आणि स्तनदा मातेला ५०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं.

पण हे सगळं मिळवायला आईने काय करायचं होतं? जवळजवळ काहीच नाही. आईने अर्ज द्यावा, कोणीतरी तो तपासून मंजूर करावा, अशी रचनाच नव्हती. सेविकेने घरोघर फिरायचं, कुटुंबाचा सर्व्हे करायचा, कोण गरोदर आहे, कोणाला सहा वर्षांखालची मुलं आहेत ते रजिस्टरमध्ये लिहायचं. नाव लिहिण्याची जबाबदारी सेविकेची, म्हणजेच सरकारची. एखादं नाव सुटलं तर चूक यादीची, आईची नव्हे. बोर्डीच्या अंगणातली कल्पना सरकारी फायलीत इतकी शाबूत उतरली, हे आपण कौतुकाने नोंदवायला हवं.

मग अडचण कुठे आली? यादी सेविका करणार, पण सेविका असेल तिथेच. सुरुवातीचा निकष साधारण हजार लोकवस्तीला एक अंगणवाडी असा होता, आदिवासी भागात सातशेला. दहा-बारा उंबऱ्यांचा पाडा, गावकुसाबाहेरची वस्ती, डोंगरापलीकडची वाडी, ही त्या हिशेबात शेजारच्या मोठ्या गावाला जोडलेली. कागदावर जोडलेली, म्हणजे पावसाळ्यात ओढा मध्ये आला की तुटलेली. शिवाय पहिल्या तीस वर्षांत अंगणवाड्या वाढल्या तरी देशात त्यांची संख्या सहा लाखांच्या घरातच होती. जिथे केंद्र नाही तिथे यादी नाही, आणि यादी नाही तिथे भुकेलं मूलही नाही, असा कागदाचा न्याय.

केंद्र होतं तिथेही सगळं ठीक होतं असं नाही. १९९० च्या दशकात मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. धारणी तालुका याच मेळघाटातला. देशातल्या पहिल्या ३३ ठिकाणांत ज्याचं नाव होतं, तिथली ही अवस्था. यातून एक धडा घ्यायचा तो असा: नाव लिहिलं म्हणजे मूल वाचलं असं होत नाही. त्याचं वजन खरं घेतलं गेलं का, खरं लिहिलं गेलं का, रिकाम्या जागा भरल्या का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. २००५ मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, तेव्हा भर नेमका याच गोष्टींवर होता. आणि वजनं खरी लिहायला लागलं की आधी कुपोषणाचा आकडा वाढलेला दिसतो. वाढलेला आकडा सहन करणं ही प्रशासनाची खरी परीक्षा असते.

आता आपण या इतिहासातल्या सर्वात महत्त्वाच्या वळणावर आलो. एप्रिल २००१. राजस्थानात दुष्काळ, आणि सरकारी गोदामांत धान्य सडतंय. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. हाच तो पुढे अन्नाच्या अधिकाराचा खटला म्हणून ओळखला गेला. तो वर्षानुवर्षं चालला, आणि त्यातले तीन आदेश आपल्या विषयासाठी लक्षात ठेवायचे.

पहिला, २८ नोव्हेंबर २००१. सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल, प्रत्येक गरोदर आणि स्तनदा माता यांना ठरलेला आहार मिळालाच पाहिजे आणि प्रत्येक वस्तीत केंद्र हवं. इथे योजना पहिल्यांदा हक्काच्या भाषेत बोलू लागली. दुसरा, ७ ऑक्टोबर २००४. अंगणवाडीच्या लाभासाठी दारिद्र्यरेषेची अट लावायची नाही, आणि आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत. तिसरा, १३ डिसेंबर २००६. डिसेंबर २००८ पर्यंत देशात १४ लाख अंगणवाड्या, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य. याच आदेशात एक कलम आहे जे अजूनही फार कमी लोकांना ठाऊक असतं. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी केली तर मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यायची.

बघा, हाही एक अर्जच आहे. पण त्याची जात निराळी. हा एकट्या बाईने हात जोडून द्यायचा अर्ज नाही. वस्तीने मिळून करायची मागणी आहे, आणि ती केली की मुदत सरकारला लागू होते. कागद तोच, पण ओझं पलीकडच्या खांद्यावर. आपल्या या शंभर वर्षांच्या गोष्टीत अर्ज या प्रकाराचं याहून चांगलं रूप आम्हाला तरी सापडलेलं नाही.

इथपर्यंत आपण प्रामुख्याने अन्नाबद्दल बोललो. रोख पैशाची वाट थोडी वेगळी गेली. १९९५ मध्ये राष्ट्रीय मातृत्व लाभ योजना आली, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला बाळंतपणाआधी ३०० रुपये, पुढे ५००. त्यात वय १९ च्या वर हवं, पहिली दोनच बाळंतपणं, अशा अटी होत्या. मग २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा. त्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ लिहिला आहे. नियमित सरकारी नोकरीतल्या आणि इतर कायद्याने असा लाभ मिळणाऱ्या महिला वगळता तो सर्वांना आहे.

कायद्यातला हा पैसा देशभर प्रत्यक्ष सुरू व्हायला १ जानेवारी २०१७ उजाडली. प्रधानमंत्री मातृ वंदना योजना. रक्कम ६,००० ऐवजी ५,०००, तीन हप्त्यांत, आणि फक्त पहिल्या जिवंत अपत्यासाठी. तीन हप्त्यांना तीन फॉर्म: १-अ, १-ब, १-क. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, बँकेचं खातं, स्वतःचं आधार आणि नवऱ्याचंही आधार. ज्या बाईला नवऱ्याने टाकलंय, जिचं लग्न नोंदलेलं नाही, जी एकटी आई आहे, तिने काय करायचं? आणि पहिलटकरणीचा तर नावाचाच गोंधळ. आधारवर माहेरचं नाव, कार्डावर सासरचं, खातं तिसऱ्याच गावी. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, ही आपल्याकडची जुनी रीत. नेमकी त्याच काळात अर्जाची मुदत चालू.

२०२२-२३ पासून योजनेचं रूप बदललं. पहिल्या अपत्याला ५,००० रुपये दोन हप्त्यांत, दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. नवऱ्याच्या आधारची सक्ती गेली, आणि हे चांगलंच झालं. पण त्याच वेळी लाभार्थी ठरवायला गटांची यादी आली: शिधापत्रिका, मनरेगाचं जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, आठ लाखांखालच्या उत्पन्नाचा दाखला अशांपैकी एक तरी पुरावा हवा. कायद्यात प्रत्येक माता असा शब्द होता, फॉर्ममध्ये तो पुरावा असलेली माता असा झाला.

आणि आता शेवटचं वळण, मोबाइल. १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आलं. सेविकेची रजिस्टरं फोनमध्ये गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट, आणि अ‍ॅप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. मराठीतून शिकलेल्या, मराठीतच काम करणाऱ्या बाईला इंग्रजीत यादी करायला लावायची, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. त्यानंतर १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची झाली. आधी आधारची पडताळणी, त्यासाठी आधारला जोडलेल्या नंबरवर येणारा ओटीपी, मग फोटो, आणि दर वेळी चेहरा जुळला की पाकीट.

यामागचा हेतू आपण नाकारू नये. खोटी नावं दाखवून आहार उचलला गेल्याच्या तक्रारी खऱ्या होत्या, आणि त्यात नुकसान गरीब आईचंच होत होतं. पण दिशा बघा. ओटीपी येणारा फोन नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा ऊसतोडीला किंवा शहरात. डोंगरात रेंज नाही. ऊसतोडीला आईच गेली तर दिवाळीनंतर सहा महिने ती गावात नाही, नाव मात्र गावच्या यादीत. स्थलांतरितांची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत हलवण्याची सोय ट्रॅकरमध्ये आहे, पण ती वापरायची तर फडावरच्या कोपीपर्यंत कोणीतरी चालत जायला हवं. पुन्हा आपला तोच प्रश्न.

इथे एक गंमत सांगतो. इंग्रजीत या पाकिटाला टेक होम रेशन म्हणतात, म्हणजे तुम्ही येऊन घरी न्यायचं. मराठी शासकीय कागदांत त्याचं नाव आहे घरपोच आहार. घरी आणून पोचवलेला! भाषांतर करणाऱ्याच्या मनात कदाचित अजून बोर्डीचं अंगण असेल. शब्दाने दिलेलं वचन व्यवहाराने पाळायचं राहिलंय.

मग या सगळ्याचं फळ काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे सांगतो. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने उंची खुंटलेल्यांचं प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होतं. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ वर आलं. २०१९-२१ मध्ये ३५.२. पहिल्या दहा वर्षांत मोठी घट, आणि मग गाडी जागच्या जागी. याला कारणं अनेक आहेत, सगळं खापर अर्जावर फोडणं बरोबर नाही. पण ज्या दशकात घट झाली, त्या दशकात वस्त्यांपर्यंत अंगणवाड्या पोचवणं, रिकाम्या जागा भरणं, घराघरातली वजनं घेणं यावर जोर होता, एवढं तरी आपण लक्षात ठेवूया.

आता आजच्या घडीला उपयोगाचं थोडं. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी, शेजारी, कामाच्या ठिकाणी गरोदर बाई किंवा लहान मूल असेल, त्यांनी हे सांगावं. अंगणवाडीच्या आहाराला उत्पन्नाची अट नाही, दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही, पैसे पडत नाहीत. सहा महिने ते तीन वर्षांचं मूल आणि गरोदर-स्तनदा माता यांना घरी न्यायचा आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत गरम ताजा आहार. मुलाचं आधार नसेल तर आईच्या आधारवर नोंद होते, ते नाही म्हणून मूल परत पाठवायचं नसतं. मातृ वंदनेचा अर्ज मात्र वेगळा, त्याची कागदं आणि मुदत वेगळी, तो सेविकेकडे किंवा आशाताईंकडे करता येतो आणि ऑनलाइनही भरता येतो. आहार आणि पैसा या दोन गोष्टींची गल्लत होते. पैशाचा अर्ज अडला म्हणून आहारही अडला असं समजून बायका गप्प बसतात. तसं नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

समारोप करूया. रोख रकमेसाठी अर्ज लागेल, पडताळणी लागेल, हे मान्य करता येईल. पैसा ज्याचा त्यालाच मिळावा. पण अन्नाचं तसं नाही. जी बाई फॉर्म भरू शकते, जिच्याकडे फोन आहे, जिचं नाव तीनही कागदांवर एकच आहे, ती थोडी उशिरा का होईना पोचेलच. जी पोचत नाही, तिच्याच घरात कुपोषण असण्याची शक्यता सर्वात जास्त. म्हणून न आलेला अर्ज हीच सर्वात महत्त्वाची नोंद मानायला हवी. १९४५ मध्ये बोर्डीला मुलं आली नाहीत, तेव्हा ताराबाईंनी गैरहजेरी मांडून रजिस्टर मिटलं नाही. न येण्याचं कारण शोधत त्या पाड्यावर गेल्या.

पोषण ट्रॅकरमध्ये आलेल्यांची मोजदाद उत्तम होते. आपल्या गावात, आपल्या वॉर्डात न आलेल्या किती, हे विचारायचं काम ग्रामसभेचं आहे, नगरसेवकांचं आहे, आणि आपलंही आहे. पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत हा एक प्रश्न जरूर विचारा. आणि ४० मुलांची वस्ती अंगणवाडीविना असेल, तर तो तीन महिन्यांच्या मुदतीचा अर्ज करायला विसरू नका.

इथे थांबतो.